राखीव जागा आणि पक्षाचा लगाम

माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीत नंदुरबारमधून लोकसभेवर गेले आणि २०१४ पर्यंत सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार राहिले. नवापूर तालुक्यातील एका आदिवासी माणसाने २००९ साली हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या लोकसभेला शपथ द्यावी, ही घटना मी लहान मानत नाही. परंतु २०२२ साली निधन पावलेल्या या नेत्याविषयी बोलताना नऊचा आकडाच पुढे केला जातो. आकडा म्हणजे मूल्यमापन नव्हे. राखीव जागेवरचा प्रतिनिधी कोणाला जबाबदार असतो, हा खरा प्रश्न आहे.

पुणे करारातील राखीव जागांवर बाबासाहेबांचा आक्षेप असा की, संयुक्त मतदारसंघात निवड सवर्णांच्या मतांवर ठरते; म्हणून निवडून येणारा आपल्या समाजाचा राहत नाही. नंदुरबारचे गणित मात्र वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. येथे मतांचा अडसर फारसा नाही. तरीही लगाम आहेच. तो तिकिटाचा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तो अधिकच आवळला. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर खासदारकीच जाऊ शकते. म्हणजे समाजाच्या बाजूने उभे राहण्याची किंमत स्वतः त्या जागेइतकी झाली.

मग या भागात परिवर्तन आले कोठून? नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते, त्या १९७१-७२ च्या काळात शहाद्याला पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर सालदार आणि भूमिहीन भिल्ल संघटित झाले. जमीन आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणला. त्यांचे नेते अंबरसिंग सुरतवंती आमदार नव्हते, खासदारही नव्हते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे गेली. मणिबेलीची लढाई नर्मदेच्या काठावर लढली गेली. सभागृह निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. २००६ चा वनहक्क कायदा संसदेनेच केला; गावित तेव्हा केंद्रात गृहराज्यमंत्री होते. पण वनजमीन कसणाऱ्यांचे मोर्चे नसते तर तो कायदा संसदेच्या दारात पोचलाच नसता.

म्हणून मी हा दोष एका व्यक्तीच्या माथी मारीत नाही. गावितांनंतर काय झाले ते पाहा. २०१४ साली डॉ. विजयकुमार गावितांच्या कन्या हीना गावित भाजपकडून आल्या; २०२४ साली के. सी. पाडवींचे पुत्र गोवाल पाडवी काँग्रेसकडून आले. पक्ष बदलले, जागा पुढाऱ्यांच्या घरातच राहिली. कष्टकरी आदिवासीची संघटना मात्र त्या जागेवर पोचली नाही.

जळगाव जिल्ह्यात भुसावळ अनुसूचित जातींसाठी आणि चोपडा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथील कार्यकर्त्यांनी हीच कसोटी लावावी. आमदाराने किती सभामंडप बांधले, हे विचारू नये. अत्याचार झाला, वनजमिनीचा दावा फेटाळला गेला, शिष्यवृत्ती थकली, तेव्हा तो स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध सभागृहात काय बोलला? कामकाजाची इतिवृत्ते उपलब्ध असतात. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती वाचावीत, वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावीत. राखीव जागा संविधानाने दिली. तिचा जाब मागणारी संघटना आपल्यालाच उभी करावी लागेल. ती नसेल तर नऊ काय, नव्वद वेळा निवडून आलेला माणूसही पक्षाचाच प्रतिनिधी राहील.