दिवा कुणाचा?

आमच्या साताऱ्याच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक बाई गेली साठ वर्षं दिवा घेऊन उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड. तिच्यासमोर मुंजी झाल्या, बारशी झाली, थोरल्या बहिणीला तीनदा 'बघून' गेले. आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवून हटकून विचारायचा, "रविवर्मा का हो?" आणि वडील असं काही "मग!" म्हणायचे, की वाटावं, रविवर्म्याने ते रंग आमच्याच अंगणात कालवले होते.

वडील कोर्टात नाझर. नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'चित्रकार – राजा रविवर्मा'. खाली सही. आता नाझराने सही केली म्हटल्यावर अपील कुठे करायचं?

अपील २०१८ साली निघालं. मी सांगलीत सकाळचा पेपर वाचत होतो. कोल्हापूरला गीता उपळेकर नावाच्या बाई वयाच्या १०२व्या वर्षी वारल्याची बातमी होती, आणि शेजारी फोटो आमच्या माजघरातल्या बाईचा! चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मूळ जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ठेवलेलं. दिवा धरून उभी राहिली होती ती चित्रकाराची लेक. आम्ही जिला आयुष्यभर ओळखत होतो ती बाई माझ्यापासून एस.टी.च्या दीड तासाच्या वाटेवर राहत होती, आणि आम्ही तिला भिंतीवर टांगून दुसऱ्याच्याच नावाने ओळखत होतो.

लगेच साताऱ्याला नानाला फोन लावला. नाना माझा थोरला भाऊ.

"बाळ्या, वडील नाझर होते," नाना म्हणाला.

"अरे पण रविवर्मा १९०६ साली गेला!"

"तारखा सगळ्या पेपरवाल्यांच्या असतात."

यावर काय बोलणार? शेवटी ठरलं, की दोघांनी औंधला जायचं आणि खरा रविवर्मा डोळ्यांनी बघायचा. तो साताऱ्याहून यायचा, मी सांगलीहून. वडिलोपार्जित जमिनीची मोजणीसुद्धा आम्ही इतक्या तयारीने केली नव्हती.

औंधच्या टेकडीवरचं भवानी संग्रहालय तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलं. राजेसाहेब स्वतः चित्रं काढायचे, आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार तर त्यांनी एवढा केला की आमच्या पिढीच्या पाठी अजून दुखतात. सूर्याला रोज नमस्कार घालणाऱ्या या माणसाने चित्रांसाठीही त्यालाच कामाला लावलंय. दालनांत उजेड वरून, छतातून येतो. शांत उजेड. म्हैसूरला याच्या नेमकं उलट. हळदणकरांच्या बाईसाठी तिथे मुद्दाम अंधार केलेला असतो, आणि चित्रामागे बल्ब लावलाय की काय, अशी शंका लोकांना येते म्हणतात.

नाना रविवर्म्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला कोपराने ढोसून म्हणाला, "यांना उजेड बाहेरून मिळतोय रे."

समीक्षक म्हणवणाऱ्यांनी पानंच्या पानं लिहिली असती. नानाने एका वाक्यात काम उरकलं. रविवर्म्याच्या बहुतेक बायकांवर प्रकाश पडतो तो मानाच्या पाहुणीवर पडावा तसा. जर चमकते, मोती चमकतात, गाल दिसतो. सगळं स्पष्ट, घरंदाज. त्यात खोट नाही. पण हळदणकरांच्या बाईला बाहेरून कुणी काही देत नाही. जे आहे ते त्या तळव्याआड. बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या होतात, तिथून उजेड वर चेहऱ्यावर जातो, आणि मागच्या भिंतीवर तिचीच सावली. रविवर्म्याने साडी रंगवली. हळदणकरांनी साडीपर्यंत उजेड कितपत पोचतो ते रंगवलं. मला विचाराल तर हे दुसरं काम अवघड.

आणि तेही जलरंगात! जलरंगाची खोड मला ठाऊक आहे. तैलरंगात चुकलं तर वरून पांढरा थापता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद, तो आधीच राखून ठेवावा लागतो. इंटरमिजिएटच्या परीक्षेत मी कंदिलाची काच उत्साहाच्या भरात पिवळीधमक भरून टाकली. आमचे ड्रॉइंग मास्तर कळवळून म्हणाले होते, "अरे, थोडी जागा सोड की!" मी शेवटी खडू घासला. कंदिलावर धुळीचा लोट बसला आणि माझी चित्रकला तिथे संपली. हळदणकरांनी १९०८ पासून मुंबईत स्वतःच्या संस्थेत कितीजणांना हे 'सोडणं' शिकवलं असेल! १९६८ साली ते गेले. त्यांच्या दिव्याच्या प्रती घरोघरी पोचल्या, नाव मात्र वाटेतच राहिलं. आमच्या घरी तर ते वडिलांनीच अडवलं होतं.

परतताना मी मुद्दाम नानाबरोबर साताऱ्याला गेलो. त्याने काही न बोलता चौकट उतरवली, उलटी केली. मला वाटलं, आता खोडणार. त्याने वडिलांची ओळ तशीच ठेवली. खाली बॉलपेनने लिहिलं : 'दुरुस्ती – चित्रकार सा. ल. हळदणकर'. तारीख टाकली, सही केली.

"वडिलांना चाललं असतं?" मी विचारलं.

"दुरुस्ती रीतसर आहे," नाना म्हणाला, आणि त्याने चष्मा काढून उगीचच पुसला.

चौकट परत खिळ्याला लावतोय तोच लाईट गेली. माजघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. बाई दिवा घेऊन कुठेतरी पुढ्यातच होती. ती सरळ लागली की तिरकी, हे बघायला वहिनींनी आतून मेणबत्ती आणली.