तो काय करू शकतो?

मिको ही पॅलाडिन आहे, म्हणजे धर्मासाठी लढणारी योद्धा. शत्रूच्या गोटात तिची गाठ एका प्राण्याशी घालून दिली जाते. तो कायम अंधारात असतो, दिसतात फक्त त्याचे दोन डोळे. त्याला मारामारी करायची नाहीये. तो खेळ सुचवतो: कोण जास्त हलकं मारतं ते बघू. मग तो तिला हलकेच टिचकी मारावी तसं मारतो, आणि मिको तिच्या घोड्यासकट भिंत फोडून बाहेर फेकली जाते.

विनोद असा, की खेळाच्या नियमानुसार तो हरला.

पहिल्यांदा हे पान वाचलं तेव्हा मी हसलो आणि लगेच मोबाइलच्या नोट्समध्ये एक ओळ टाकली: ताकद, प्रचंड. त्याच्या खाली आधीची एक ओळ होती: पाय आपटला की जमीन हादरते. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी अशा याद्या केल्या आहेत. हा अंधारातला कोण आहे, हे ओळखण्याचा खेळ या वेबकॉमिकच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं खेळला. हा लेख त्या खेळाबद्दल आहे. आणि तो खेळताना माझ्या नजरेतून काय निसटलं, त्याबद्दलही. (पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील. चालत नसेल तर आधी कॉमिक वाचून या, फुकट आहे.)

काड्यांची माणसं, नियमांचं जग

रिच बर्लू या अमेरिकन लेखक-चित्रकाराने हे कॉमिक 2003 साली सुरू केलं. गोल डोकं आणि काड्यांचे हातपाय, अशी यातली माणसं. ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या जगात राहतात आणि आपण नियमांनी चालतो हे त्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी खेळाची साडेतीनावी आवृत्ती बाजारात आली होती. पहिल्या भागातला विनोदच हा, की पात्रं चालता चालता जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत जातात.

विनोदांची मालिका म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे हजाराहून जास्त भागांची कादंबरी झाली. 2012 मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा छापण्यासाठी बर्लूने किकस्टार्टरवर 57,750 डॉलर मागितले, वाचकांनी साडेबारा लाखांहून जास्त दिले. काड्यांच्या माणसांवर लोकांचा इतका जीव का जडला, याचं एक उत्तर नियमांत आहे. कुणी जादू केली, तर ती त्याला येते का, आज किती वेळा करून झाली, हे वाचक मोजू शकतो. लेखक आणि वाचक दोघांच्या हातात एकच नियमपुस्तक असतं.

अंधारातल्या प्राण्याचं कोडं या पुस्तकामुळेच शक्य झालं. झायकॉन हा मेलेला पण न संपलेला जादूगार खलनायक त्याला झाकून ठेवतो. कधी अंधारात, कधी छत्रीखाली, कधी पेटीत. योग्य वेळी पडदा बाजूला करायचा आणि सगळ्यांची दाणादाण उडवायची, हा त्याचा बेत. तोवर आपल्याला दिसतात फक्त पुरावे.

मग चाहते 'मॉन्स्टर मॅन्युअल' उघडतात. ताकद अफाट आहे, म्हणजे तारास्क का? पण तारास्क हा पुस्तकातल्या सर्वात मोठ्या मापाचा प्राणी, तो पेटीत मावेल कसा? शिवाय त्याची बुद्धी तीन, गप्पा मारणं त्याच्या आवाक्यातलं नाही. पुढे एका प्रसंगात हा अंधारातला दोन जणांना क्षणात दूर पोचवतो, म्हणजे त्याच्याकडे इच्छापूर्तीसारखी काही जादू असावी. ती कुणाकुणाकडे असते? पिट फिएंड या सैतानाकडे, पण वर्षातून एकदाच. सोलर या देवदूताकडे, दिवसातून एकदा. इफ्रीत दिवसाला तीन इच्छा पुऱ्या करतो, पण त्याची ताकद भिंत फोडून घोडा भिरकावण्याइतकी नाही. असं एकेक नाव खोडत जायचं.

बाहेरून बघणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. मला तसं वाटत नाही. शंभर भागांपूर्वीच्या एका चौकटीतली भेग आठवून ती आजच्या संवादाशी ताडून बघणं, हे बारकाईचं वाचन आहे. साहित्याच्या वर्गात मला जे जमलं नाही, ते या कॉमिकने करून घेतलं. माझी अडचण वेगळी आहे. आम्ही पुरावे नीट वाचत होतो, पण विचारत होतो तो प्रश्न कुणाचा होता?

त्याच पानावरची दुसरी ओळ

'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्याचा एक तक्ता असतो. जीव किती, हल्ला कसा, विशेष शक्ती कोणत्या. त्याच तक्त्यात खाली स्वभावाची ओळ असते. गॉब्लिन: 'सहसा' दुष्ट. काळा ड्रॅगन: 'नेहमी' दुष्ट. जन्माला यायच्या आधीच चारित्र्याचा दाखला तयार. आणखी एक आकडा असतो, या प्राण्याला हरवणं किती अवघड आहे ते सांगणारा. त्यावरून त्याला मारणाऱ्याला किती अनुभव-गुण मिळायचे ते ठरतं. गॉब्लिनचा आकडा एक तृतीयांश. म्हणजे नवशिक्यांनी हात साफ करून घ्यावा असा जीव.

आपल्याकडच्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागतं, कारण याच पुस्तकात 'राक्षस'ही आहे. 1977 च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून आहे. वाघाचं डोकं, उलटे तळवे. साडेतीनाव्या आवृत्तीत स्वभाव: 'नेहमी' दुष्ट. हा शब्द ज्या भाषांतून गेला, त्यातल्या एका भाषेत जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहून विचारलं होतं, की राक्षस कुणी कुणाला ठरवलं? दशावताराच्या कथा त्यांनी जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास म्हणून उलट्या वाचल्या आणि पाताळात घातलेल्या बळीला न्यायी राजा म्हटलं. दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या घरांत वाढलेल्या वाचकाला तरी तक्त्यातला 'नेहमी' हा शब्द खटकायला हवा होता. मला तो कितीतरी वर्षं खटकला नाही. मी शक्तींचा रकाना वाचत होतो.

बर्लूला मात्र तो खटकलेला दिसतो. 'स्टार्ट ऑफ डार्कनेस' या 2007 च्या पूर्वकथेत रेडक्लोक या गॉब्लिन धर्मगुरूचं लहानपण आहे. चांगल्या बाजूचे म्हणवणारे पॅलाडिन त्याचं गाव कापून काढतात. त्याच्या देवाची शिकवण अशी, की गॉब्लिन घडवलेच गेले ते दुसऱ्यांना अनुभव-गुण मिळावेत म्हणून. खेळाचा एक कोरडा हिशोबी नियम इथे एका जमातीचं दुःख होतो. बर्लू रेडक्लोकला संतही करत नाही. तो आधी हॉबगॉब्लिनांना, म्हणजे आपल्याच भाऊबंदांना, तुच्छ लेखून मरायला पाठवतो. पुढे जिंकलेल्या शहरातल्या माणसांना गुलाम करतो. त्याची तक्रार खरी आहे आणि त्याची कृत्यं भयंकर आहेत. कॉमिक यातलं एक दुसऱ्याने खोडू देत नाही.

शक्तींच्या रकान्याची किंमत सर्वात स्पष्ट दिसते ती वार्सुवियसच्या प्रसंगात. ही एल्फ जादूगार व्यक्ती. तिचं लिंग कॉमिक मुद्दाम सांगत नाही. मराठीत क्रियापदालाच लिंग लागतं, म्हणून मी 'व्यक्ती' या शब्दाचा आडोसा घेतोय. कथेच्या सुरुवातीच्या काळात ती एका तरुण काळ्या ड्रॅगनला मारते. तेव्हा ते आपल्याला नेहमीचं साहस वाटतं. बऱ्याच भागांनंतर त्याची आई येते आणि वार्सुवियसच्या मुलांवर उठते. मुलांना वाचवण्यासाठी वार्सुवियस सैतानी शक्तींशी सौदा करते, अमर्याद जादू मिळवते, त्या आईला मारते. आणि तिथेच थांबत नाही. आणखी एक मंत्र टाकते, त्याने त्या ड्रॅगनिणीचं रक्त ज्यांच्या अंगात आहे ते सगळे मरतात. त्यांच्याशी रक्ताचं नातं असलेलेही मरतात.

मी ते पान वाचलं तेव्हा मला काय वाटलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. भारी! नोट्समध्ये ओळ टाकली. मंत्राचं नाव, आवाका, बहुधा सर्वोच्च पातळी. खूप नंतर कळतं, की ड्रॅगनांचं रक्त काही माणसांच्या घराण्यातही मिसळलेलं होतं. ते घराणंही जागच्या जागी मरून पडलं होतं. वार्सुवियसला आपण काय केलं ते त्या प्रेतांसमोर उमजतं, आणि वाचकालाही तिथेच. माणसं मेल्यावरच मला आधीच्या मेलेल्यांची आठवण झाली, ही गोष्ट मला अजून टोचते. ड्रॅगन 'नेहमी' दुष्ट होते ना, म्हणून.

पिंजऱ्याजवळच्या गप्पा

आता पुन्हा अंधारातल्या त्या प्राण्याकडे.

अझ्युर सिटी पडते आणि ओ-चुल हा पॅलाडिन झायकॉनच्या कैदेत सापडतो. रेडक्लोकचं गाव ज्या संघाने उद्ध्वस्त केलं, त्याच संघाचा हा माणूस. त्याचे हाल केले जातात, मजा म्हणून त्याला झुंजवलं जातं. या काळात त्याची आणि अंधारातल्याची ओळख होते. गप्पा होतात, खेळ होतात. झायकॉनच्या लेखी हा प्राणी म्हणजे झाकून ठेवलेलं हत्यार. रेडक्लोकच्या लेखी सांभाळायची कटकट. ओ-चुल त्याच्याशी बोलतो ते त्याचं मत जाणून घ्यायला. तुला काय वाटतं, तुला काय हवंय, हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नव्हता.

मग एक दिवस ओ-चुल आणि वार्सुवियस झायकॉनसमोर हरतात. मरण समोर दिसतंय. अंधारातल्याला ते नकोय. त्यांनी निसटावं असं त्याला मनापासून वाटतं, तो तसं म्हणतो, आणि ते दोघं तिथून नाहीसे होऊन दूर आपल्या माणसांत पोचतात. हे आपण केलं, हेसुद्धा त्याला नीट कळत नाही.

चाहत्यांच्या यादीतला हा सर्वात मोठा पुरावा. माझ्या यादीतही मी लिहिलं होतं: दुसऱ्यांना दूर पाठवू शकतो, स्वतः न जाता. पुन्हा वाचताना लक्षात आलं, की शक्तीचं वर्णन बरोबर आहे आणि वाक्य अर्धं आहे. मिकोला त्याने उडवलं कारण त्याला खेळायचं होतं. या दोघांना वाचवलं कारण त्यातला एक त्याचा मित्र होता. त्याच्या शक्तीचा जवळजवळ प्रत्येक पुरावा त्याच्या एकटेपणाचाही पुरावा आहे. तो काय करू शकतो, हा झायकॉनचा प्रश्न. त्याला काय हवंय, हा ओ-चुलचा. आम्ही चाहते इतकी वर्षं इमानदारीने झायकॉनचा प्रश्न सोडवत होतो.

याचा दोष फक्त वाचकाला देता येणार नाही. पडदा बर्लूनेच टांगलाय. एका बाजूला तो सांगतो की जातीवरून जीव ओळखू नका, आणि दुसऱ्या बाजूला एका जिवाची जात हेच मोठं कोडं करून हजार भागांच्या पलीकडेही वाचकाला धरून ठेवतो. पडदा उघडेल तेव्हा काय दिसेल, ही उत्सुकता तो झायकॉनइतकीच चवीने ताणतो. मला हा कॉमिकमधला खरा ताण वाटतो, आणि तो पूर्ण सुटलेला नाही असंही वाटतं. एवढं मात्र खरं, की अंधारात ठेवल्यामुळेच हा प्राणी आपल्याला तक्त्याशिवाय भेटतो. त्याच्या स्वभावाची ओळ आपण आधी वाचूच शकत नाही. तो प्रेमळ आहे, बावळट आहे, हट्टी आहे, हे आपल्याला त्याच्या वागण्यातूनच कळतं. पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला आपण ही सवलत दिली नव्हती.

आमच्या नात्यात एक दादा आहे. लहानपणापासून अंगाने दांडगा, बोलायला सावकाश. गावाकडच्या प्रत्येक लग्नात सिलिंडर, पाण्याचे पिंप, सतरंज्यांचे गठ्ठे उचलायला त्याला हाक. दोन सिलिंडर एकदम उचलतो, हे आम्ही पोरं पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, त्याला करून दाखवायला लावायचो. तोही हसून करायचा. पंगत उठल्यावर तो जेवला का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. मला फक्त आकडा पाठ होता.

मोबाइलमधली ती यादी मी अजून ठेवली आहे. कोडं म्हणून ती मजेशीर आहे आणि चाहत्यांच्या अंदाजांशी ताडून बघायला आजही मजा येते. फक्त तिच्या वर आता एक नवी ओळ आहे: हे त्याने का केलं? उत्तराची जागा भरायला प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागतंय, आणि या वेळी वेळ जास्त लागतोय.