'वाईट कोलेस्टेरॉल' : एका विशेषणाची चिकित्सा

आहारविषयक मराठी लेखनात 'चांगले' व 'वाईट' कोलेस्टेरॉल हे शब्दप्रयोग रूढ झाले आहेत. त्यांची सुबोधता निर्विवाद आहे; परंतु अर्थाच्या कसोटीस ते उतरत नाहीत. कोलेस्टेरॉल हा २७ कार्बन अणूंचा एकच रेणू होय. त्यात सुष्ट-दुष्ट असे प्रकार नाहीत. भेद आहे तो त्याला रक्तातून वाहून नेणाऱ्या मेदप्रथिन-कणांत. कमी घनतेच्या कणांचे आधिक्य झाल्यास ते धमनीच्या भिंतीत साचतात. अधिक घनतेचे कण कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. विशेषण वाहकाचे, ते लादले गेले ओझ्यावर.

हा दोष केवळ व्याकरणाचा नव्हे. या नावामुळे वाचकाची दृष्टी अन्नातील कोलेस्टेरॉलवरच खिळते. वस्तुतः कमी घनतेचे कण रक्तातून उचलणारे ग्राही रेणू यकृतपेशींवर असतात. त्यांचा शोध लावणारे ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मेदाम्लांच्या अतिरेकाने या ग्राहींचे कार्य मंदावते.

तेलाच्या डब्यावरील 'कोलेस्टेरॉलमुक्त' ही ग्वाही म्हणूनच पोकळ ठरते. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. या अर्थाने डालडाही निर्दोष ठरला असता. पण अंशतः हायड्रोजनीकरणाने उत्पन्न होणारी ट्रान्स मेदाम्ले कमी घनतेचे कण वाढवितात व अधिक घनतेचे घटवितात. भारतात खाद्यतेले व मेद यांतील त्यांच्या प्रमाणावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

परिभाषेने वाहकाचा निर्देश करावा. दोषारोप आपोआप योग्य स्थळी जाईल.