मृत्यू मजुरीला येतो तेव्हा

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात टेरी प्रॅचेटचं 'रीपर मॅन' सापडलं, तेव्हा मी प्रॅचेटचं नावही ऐकलेलं नव्हतं. भंडाऱ्याच्या एसटीला वेळ होता आणि पुस्तकवाला चाळीस रुपये म्हणत होता. एवढ्याच कारणांवर घेतलं. घरी येऊन फोनवर पाहिलं, तर ते एका मालिकेतलं अकरावं पुस्तक निघालं. मालिकेचं नाव डिस्कवर्ल्ड. एकूण एक्केचाळीस कादंबऱ्या, पहिली १९८३ची, शेवटची २०१५ची, आणि लेखक त्याच वर्षी वारलेला. आधीची दहा न वाचता अकरावं कसं वाचायचं, म्हणून ते महिनाभर तसंच पडून राहिलं.

तुमचा महिना वाया जाऊ नये म्हणून आधीच सांगतो: ही मालिका क्रमाने वाचायची गरज नाही. पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक', म्हणजे तलवारी आणि जादूगारांच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची टिंगल आहे. ज्यांची टिंगल चालली आहे ती पुस्तकं आपण वाचलेली नसतात, त्यामुळे निम्मे विनोद डोक्यावरून जातात. तिथून सुरुवात करून मालिका सोडून दिलेले दोन मित्र मला माहीत आहेत.

डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखं चपटं जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका महाकाय कासवावर, आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं. इंग्रज वाचकाला ही कल्पना पहिला धक्का देत असेल. आपल्याला कूर्म आणि दिग्गज लहानपणापासून माहीत, त्यामुळे आपण सरळ पुढच्या पानावर जातो. पुढे खरी गंमत आहे. अशा अद्भुत जगात माणसं मात्र तहसील कार्यालयातल्यासारखी वागतात. तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरात, आंख-मॉरपॉर्कमध्ये, चोरांची रीतसर संघटना आहे आणि ती लुटलेल्या माणसाला पावती देते.

'रीपर मॅन'मध्ये मृत्यू हे एक पात्र आहे. काळा झगा घातलेला सांगाडा, हातात लांब दांड्याचं पातं. त्याच्यात स्वतःचा स्वभाव उगवू लागलाय अशी वरून तक्रार होते आणि त्याला कामावरून काढलं जातं. हातात एक वाळूचं घड्याळ दिलं जातं: आता तुझाही वेळ मोजला जाणार. मग मृत्यू काय करतो? एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर कापणीला मजूर म्हणून लागतो. नाव सांगतो बिल डोअर. मिस फ्लिटवर्थ त्याला गोठ्याकडची जागा देते आणि गवत कापायला पाठवते. तो एका वेळी एकच काडी कापतो. भराभर कापतो, पण एकेक काडीच. त्याच्या लेखी प्रत्येक काडी वेगळी.

हे मी वाचत होतो ते दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत. बांधीत कडपा पडलेल्या होत्या, मी धुऱ्यावर बसून वाचत होतो आणि आजोबा बाजूला विडी ओढत होते. "काहून हासून रायला?" त्यांनी विचारलं. मी गोष्ट सांगितली. मृत्यूला काढून टाकलं, तो मजुरीला गेला, हे त्यांनी अगदी सहज मान्य केलं. अडले दुसरीकडेच. "एकेक काडी कापते, त मंग बांधी कधी होयाची?"

याहून चांगला प्रश्न त्या पुस्तकाला कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही, कारण कादंबरी पुढे नेमकी तिथेच जाते. गावातला लोहार एक कापणी यंत्र बनवतो. ते काड्या मोजत नाही. आपल्याकडे आता ऐन हंगामात हार्वेस्टर येतो आणि दोन दिवसांचं काम जेवायच्या आत उरकून जातो. मजूर मिळत नाहीत, पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रॅचेटही यंत्राला सरसकट खलनायक करत नाही. त्याची भीती वेगळी आहे: मृत्यूच्या जागी जो नवा येतोय तो मुकुट घालून येतोय, आणि त्याला कापायच्या काडीबद्दल काहीच वाटत नाही. आपल्या यमाच्या हातात पाश असतो. तिकडच्या मृत्यूच्या हातात शेतकऱ्याचं अवजार असतं. हे चित्र मी शंभरदा पाहिलं असेन, पण तो मुळात शेतमजूर आहे हे डोक्यात शिरायला हे पुस्तक लागलं.

मध्ये एका सरायीला आग लागते. आत एक लहान मुलगी आहे. बिल डोअर आधी सरळ नकार देतो, असल्या गोष्टींत ढवळाढवळ करायची नसते म्हणतो. मग स्वतःच्या मोजक्या वेळातला थोडा वेळ तिला देऊन टाकतो. इथवर मी प्रत्येक पानावर हसलो होतो, आणि त्या हसण्यातच केव्हातरी गळा दाटून आला होता.

आमच्याकडे याला नवल म्हणणार नाहीत. मंडईच्या रात्री दंडार पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की ज्या मंचावर गणपतीचं नमन होतं, त्याच मंचावर थोड्या वेळाने पोट दुखेपर्यंत हसवलं जातं, आणि त्यात देवाचा अपमान झाला असं कुणालाच वाटत नाही. शिकलेल्या मराठी वाचनात मात्र या दोन गोष्टींची वाटणी झालेली दिसते. जी. ए. कुलकर्णींच्या रूपककथांत अद्भुत आहे, पण तिथे हसायची सोय नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावात हसू भरपूर आहे, पण तिथे मृत्यू नोकरी शोधत येत नाही. दोन्ही एकत्र आलं की आपण ते पुस्तक मुलांच्या कप्प्यात टाकतो. माझ्या हातात हे पुस्तक बघून एका प्राध्यापकांनी "अजून परीकथा वाचतोस?" असं विचारलं होतं. दंडारीला गेलेला माणूस हे विचारणार नाही.

पुस्तक निर्दोष नाही. मृत्यू कामावर नसल्याने मेलेले मरत नाहीत, म्हणून विंडल पून्स नावाचा १३० वर्षांचा जादूगार मरूनही चालत राहतो. त्याची सुरुवात भन्नाट आहे. पुढे त्यात ढकलगाड्या आणि मॉल घुसतात आणि पानंच्या पानं धावपळ चालते. शेतावरची गोष्ट अर्ध्यावर टाकून तिकडे जायचा मला दरवेळी राग आला. दुसऱ्यांदा वाचताना ती पानं मी चक्क उलटली.

यानंतर काय? 'मॉर्ट' घ्या, त्यात मृत्यू एका पोराला उमेदवारीवर ठेवतो. किंवा 'गार्ड्स! गार्ड्स!', आणि मागोमाग 'मेन ॲट आर्म्स'. या दुसऱ्यात पोलिसांचा कप्तान व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो: श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते वर्षानुवर्षं टिकतात. गरीब माणूस दहा डॉलरचे घेतो, ते एक-दोन हंगामांत फाटतात. शेवटी गरिबाचा खर्च जास्त होतो आणि पाय ओलेच राहतात. रोवणीच्या दिवसांत दर वर्षी स्वस्तातले गमबूट घेणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मालिका मी इंग्रजीतच वाचली, डिक्शनरीचं ॲप उघडं ठेवून. मध्यंतरी 'रीपर मॅन'ची चार पानं मराठीत करून पाहावीत असं मनात आलं, आणि पहिल्याच संवादाला अडलो. प्रॅचेटचा मृत्यू मोठ्या लिपीत बोलतो, त्याला अवतरणचिन्हंही नाहीत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात. ठळक टाईप केला तर जाहिरात वाटते. मग सुचलं की त्याच्या बोलण्यावरची शिरोरेघच काढून टाकावी. फोनच्या कीबोर्डवर ते जमत नाही, म्हणून कागदावर लिहिलं, फोटो काढला आणि काहीही न सांगता मामेबहिणीला पाठवला.

तिचं उत्तर आलं: "हे कोनं लिवलं? वाचून भेव लागते."

दोन मिनिटांनी परत: "पुढचं पाठव."