ब्रह्मपुरीची एक एज कुठे गळाली?

समजा, जंगलाचे तुकडे म्हणजे नोड, वाघांच्या वाटा म्हणजे एजेस. ताडोब्याहून ब्रह्मपुरीकडे एक, ब्रह्मपुरीहून उमरेड-कऱ्हांडल्याकडे दुसरी. असा डायरेक्टेड ग्राफ करून 'आर'मधल्या आयग्राफला ब्रह्मपुरीच्या एजेस विचारा. 'इन्सिडेंट' दोन्ही देतो. 'इन्सिडेंट_एजेस' मात्र फक्त बाहेर जाणारी! नावं जुळ्या भावांची, पण न सांगता धरलेली दिशा वेगळी. माझा आक्षेप यालाच आहे. पायथनच्या नेटवर्कएक्समध्येही डायरेक्टेड ग्राफवर 'एजेस' बाहेरच्याच देतं. आतल्यांसाठी 'इन_एजेस' लागतं.

एरर येत नाही, म्हणून चूक दिसत नाही. पण ताडोब्याची वाट गळालेला तुमचा निष्कर्ष वाचून कुणी तिथूनच रस्ता आखला तर?

म्हणून 'मोड'मध्ये 'ऑल' स्वतः लिहा. आणि आधी तीन नोडचा ग्राफ कागदावर काढून एजेस बोटांवर मोजा.