गोजिरे आणि सुंदर

सौंदर्य म्हणजे काय, या प्रश्नावर आमच्या साहित्यमीमांसकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. परंतु गोजिरेपणा म्हणजे काय, हा प्रश्न मात्र पाळण्याजवळ बसलेल्या आजीबाईंवर सोपवून ते मोकळे झाले. तान्ह्या मुलाच्या गालाला हात लावावासा का वाटतो, याचा विचार करणे जणू विद्वत्तेला शोभत नाही! ही उपेक्षा योग्य नव्हे, हे आमचे मत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचा मिकी माउसवरील निबंध पुन्हा वाचताना अधिकच दृढ झाले. आणि त्याबरोबरच त्या निबंधातील एक उणीवही जाणवली. या दोहोंचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

निबंध १९७९ सालचा. ‘स्टीमबोट विली’ या १९२८ च्या बोलपटातील मिकी हा लांब नाकाचा, काटकुळा व खोडसाळ, किंबहुना थोडासा निष्ठुरच आहे. बोटीवरील मुक्या प्राण्यांना ओढून-पिळून तो त्यांच्याकडून संगीत काढतो. पुढे तो लोकांचा लाडका झाला, लाडका झाला तसा सभ्य झाला, आणि सभ्य होता होता चक्क लहान दिसू लागला. गूल्ड यांनी निरनिराळ्या काळांतील मिकीची चित्रे घेऊन मापे काढली. डोळ्याचे माप डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले होते. डोक्याची लांबी शरीराच्या ४२.७ टक्क्यांवरून ४८.१ टक्क्यांवर आली होती. आपण सारे वयाबरोबर पोक्त होतो. हा उंदीर मात्र उलट पावलांनी बाल्याकडे चालत गेला.

या कोड्याचा उलगडा गूल्ड यांनी ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांच्या एका लेखाच्या आधारे केला आहे. मोठे डोके, फुगीर कपाळ, चेहऱ्यात खालच्या बाजूस बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड व जाड हातपाय, अडखळती चाल, ही लक्षणे दिसताच माणसाच्या मनाला पाझर फुटतो, असे लोरेन्झ यांचे प्रतिपादन होते. मनुष्याचे मूल दीर्घकाळ परावलंबी असते. त्याला पाहून माया न उपजती तर ते जगतेच ना. परंतु ही माया फार भोळी आहे. मूल कोणाचे, एवढेच नव्हे, तर ते मूल आहे की नाही, हेही ती विचारीत नाही. कुत्र्याचे पिल्लू, बाहुली, चित्रातला उंदीर, कोणीही तिला फसवावे! उलट उंट बिचारा नाक डोळ्यांच्या वर धरून चालतो, म्हणून तो आम्हांला गर्विष्ठ वाटतो. त्याच्या मनात खरोखर काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही.

येथपर्यंत निबंध वाचनीय व पटणारा आहे. पण हा प्रतिसाद उपजत की शिकलेला, हा वाद गूल्ड यांनी बुद्ध्याच बाजूस ठेवला, आणि आमची तक्रार नेमकी तेथे आहे. लक्षणे सर्वत्र एकच असतील. परंतु त्यांना कोणते नाव द्यावयाचे आणि कोणत्या पंक्तीस बसवावयाचे, हे प्रत्येक समाज आपापल्या भाषेतून ठरवितो. जपानच्या राजदरबारातील सेई शोनागोन या विदुषीने इ. स. १००० च्या सुमारास मन मोहविणाऱ्या वस्तूंची एक यादी केली. तीत खरबुजावर काढलेला मुलाचा चेहरा आहे, आणि रांगताना सापडलेला धुळीचा कण चिमुकल्या बोटांनी उचलून मोठ्यांना दाखविणारे बालकही आहे. तिने योजलेला ‘उत्सुकुशी’ हा शब्द तेव्हा ‘गोजिरे’ या अर्थाचा होता; आजच्या जपानीत त्याचा अर्थ ‘सुंदर’ असा झाला आहे. त्याची जागा घेणारा ‘कावाई’ हा शब्द संकोचाने चेहरा तापणे या अर्थापासून निघून, कीव येण्यावरून, लाडिकपणावर आला.

मराठीने तर हे काम व्याकरणातच करून ठेवले आहे. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पिल्लू, लेकरू, सारी उकारान्त आणि सारी नपुंसकलिंगी! फुलपाखरू मोठे झालेले असूनही आम्ही त्याला याच गोतावळ्यात घेतले. गाय ‘ती’ आणि बैल ‘तो’. वासरू मात्र ‘ते’. त्यात लाड आहे, हे खरे. पण त्याला अजून स्वतःचे व्यक्तित्व नाही, ही गृहीत गोष्टही आहे.

आमच्या काव्यशास्त्रातील एक जुना वाद येथे उपयोगी पडतो. भरताच्या आठ रसांत वात्सल्य नाही. मम्मटाने अपत्यप्रेमाला ‘भावा’पलीकडे जाऊ दिले नाही, चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सलाला रसपदवी दिली. आम्हांला दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. वाटोळे डोळे पाहून उठणारी माया हा केवळ भाव होय. तिला रसपदवी मिळते ती समोरच्या जीवाचे सुखदुःख, आपल्या आनंदाहून वेगळे असे, आपल्याला दिसू लागते तेव्हाच.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. पग जातीचा कुत्रा पाहा. बाळासारखा चपटा चेहरा माणसांना आवडला, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याच्या कवटीचे हाड आखूड करण्यात आले. आतील मऊ टाळू मात्र त्या मानाने आखूड झाली नाही. परिणामी त्यातील अनेकांना श्वास घेतानाही कष्ट पडतात. कुत्रा धापा टाकून अंग निववितो. तेव्हा आमच्या वैशाखात त्याचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याच्या घोरण्यालाही आम्ही ‘किती गोड!’ म्हणून हसतो. येथे मायेनेच दुःख निर्माण केले, आणि मायेनेच ते झाकले. ज्या लोरेन्झ यांनी या मायेचे शास्त्र मांडले, त्यांनीच १९३८ साली नाझी पक्षाचे सदस्यत्व पत्करले होते, हेही विसरता येत नाही. पाझर कशाने फुटतो हे जाणणे निराळे, आणि करुणा असणे निराळे.

म्हणून गोजिरेपणाचा तिरस्कार करावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. हिरोशिमा विद्यापीठातील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पिल्लांची चित्रे पाहिल्यानंतर विद्यार्थ्यांचे हात नाजूक कामात अधिक सावध झाल्याचे आढळले. मायेने हात सावध होतात, ही मोठीच देणगी आहे. पण सौंदर्य आपल्याला थोडे दूर उभे राहून पाहावयास शिकविते. ती शिस्त गोजिरेपणाच्या वाट्याला आपोआप येत नाही, ती आपणच त्याला लावावी लागते.

पाळण्याजवळच्या ज्या आजीबाईंवर मीमांसकांनी हा प्रश्न सोपविला, त्यांच्या चेहऱ्यावर लोरेन्झ यांच्या यादीतले एकही लक्षण उरलेले नाही. घरी आलेला पाहुणा बाळाकडे धावतो, आणि त्यांना लांबूनच नमस्कार करतो. बाळाला पाहून सावध झालेले आपले हात त्यांचे पांघरूण सारखे करावयासही वळतात की नाही, यावरून त्या घरातील वात्सल्य भाव आहे की रस, हे वाचकांनी आपापल्या घरी ठरवावे.