चार आवाजांची तहान

हरिण आणि पाणी शेजारी आले की आपल्याला आधी आठवतं ते मृगजळ. धावायचं, फसायचं, पुन्हा धावायचं. संगीतकार पालेस्त्रीनाच्या ‘सिकुत चेर्वुस’मधलं हरिण मात्र धावत नाही. 42व्या स्तोत्रावरचं हे लॅटिन मोतेत, म्हणजे अनेक आवाजांचं धर्मगीत, ईस्टरच्या आदल्या रात्री, सगळे बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे निघाले की गायचं. म्हणजे पाणी खरं आहे, चार पावलांवर आहे. या तहानेला पत्ता आहे, म्हणून तिच्यात कासाविशी नाही.

सुरुवात टेनरची, एकट्याची. सूर सावकाश चढतो आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ऑल्टो तेच उचलतात. मग सोप्रानो. सगळ्यांत शेवटी आम्ही, बासवाले. तोवर कागदावर बोट ठेवून मात्रा मोजत उभं राहायचं. भजनात बुवांची ओळ संपली की टाळकरी ती झेलतात. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. मुख्य चाल कुणाकडे, असं विचाराल तर कुणाकडेच नाही. जो तो आपापल्या परीनं तहानलेला. ‘देसिदेरात’ म्हणजे आस लागणं. तो शब्द एकाच्या तोंडी लांबत असतो तेव्हा दुसरा नुकता हरणाचं नाव घेत असतो. पुढे ‘हरिण जसं पाण्यासाठी’ ही उपमा संपून ‘तसा माझा जीव देवासाठी’ ही स्वतःच्या जिवाची गोष्ट सुरू होते. दुसऱ्या कुणी इथे हमखास एखादा हुंदका घातला असता. पालेस्त्रीना आवाजही चढवत नाही.

हा सोळाव्या शतकातला, रोमच्या सेंट पीटर्समधल्या गायकवृंदाचा प्रमुख. प्लेगनं भाऊ, दोन मुलगे आणि 1580मध्ये बायको नेली. पुढच्याच वर्षी त्यानं एका फर-व्यापाऱ्याच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं आणि तो धंदाही सांभाळला. हरणाला इतक्या हळुवारपणे पाण्यावर नेणारा माणूस जनावरांच्या कातड्यांचे हिशेब बघायचा, याची मला दर वेळी गंमत वाटते.

1903मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताचे नियम घालून दिले. त्यांत ग्रेगोरियन गायनाखालोखाल मान मिळाला तो पालेस्त्रीनाच्या याच शैलीला. योग्यच झालं, पण त्या मानापायी गाणं सोवळ्यात गेलं. काही ठिकाणी ते इतकं संथ गातात की हरिण वाटेतच बसकण मारेल. ते चालतं ठेवायला हवं, खालच्या मिरवणुकीच्या पावलांनी.

आमच्या चर्चमध्ये कुंड दाराजवळ आहे आणि आम्ही वर माळ्यावर. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. पास्काची मोठी मेणबत्ती खालून पुढे सरकताना दिसते. कुणीतरी कुंडावरचं झाकण उचलतं, त्याचा आवाज वरपर्यंत येतो, आणि आमचा शेवटचा सूर अजून बाकी असतो.